क्वेकर सभागृहाचं घर : भिंतींना ओल का येते?

प्रश्न : यॉर्कशायरमध्ये आम्ही अठराव्या शतकातलं क्वेकर सभागृह (क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं प्रार्थनास्थळ) विकत घेतलं, आधीच्या मालकांनी त्याचं घर केलेलं आहे. दगडी भिंतींना आतून मीटरभर उंचीपर्यंत ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात. ओल रोखणारं रसायन टोचून घ्यावं का?

उत्तर : नको. आधी पन्हळी तपासा, मग बाहेरून दगडांमधले सांधे पाहा. तिथे सिमेंट असेल तर दोष बहुधा त्याचाच. जुन्या भिंतीत शिरलेलं पाणी चुन्याच्या सांध्यांतून सुकतं. सिमेंटने ती वाट बुजली की ते आत उतरतं. प्लास्टिक इमल्शन रंगही ओल असाच कोंडतो, म्हणून आतून चुन्याची सफेदी बरी.

सिमेंट हातछिन्नीने काढा. ग्राइंडरने दगडाच्या कडा जातात. सांधा रुंदीच्या दुप्पट तरी खोल उकरा, भिजवा. भरायचं मिश्रण : एक भाग एनएचएल ३.५ चुना (पाण्यातही घट्ट होणारा नैसर्गिक चुना), तीन भाग जाड-बारीक मिश्र वाळू. भरल्यावर काही दिवस ओलं गोणपाट लावा. तापमान ५ अंशांखाली जाणार असेल तर काम थांबवा, गोठलेला चुना भुगा होतो. भिंत सुकायला वर्षही लागेल.

भिंतीलगत बाहेरची माती चढली असेल तर ती उतरवायला हवी, पण घाईने खणू नका. क्वेकर मंडळी बऱ्याचदा सभागृहालगतच दफन करत आणि १८५० पर्यंत त्यांच्यात थडग्यावर दगड उभारणं सहसा मान्य नव्हतं. हिरवळ मोकळी दिसते म्हणून खाली कुणी नाही, असं धरू नये. खरेदीखत आणि दफननोंदी आधी तपासा. इमारत संरक्षित यादीत असेल तर स्थानिक परिषदेच्या वारसा अधिकाऱ्याला कामाआधीच विचारा. परवानगी लागत असताना ती न घेणं हा गुन्हा आहे.