परिपत्रक नव्हे, पीळ

मालवणहून एक छायाचित्रकार विचारतात : "समुद्रावरची चमक कापायला कॅमेऱ्याचा सीपीएल (सर्क्युलर पोलरायझर) फिल्टर घेतला. डबीतल्या मराठी पत्रकात त्याला 'परिपत्रक ध्रुवीकरण फिल्टर' म्हटलं आहे. दुकानदार म्हणाला, काच गोल असते म्हणून सर्क्युलर. यातलं बरोबर काय? आणि मराठीत ध्रुवीकरण म्हणायचं की ध्रुवण?"

परिपत्रक! शाळेत येतं ते परिपत्रक, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर डकवतात ते परिपत्रक. प्रकाशाचं परिपत्रक कोण काढतं, सूर्य? आणि खाली सही कोणाची? 'सर्क्युलर' दिसला की यंत्र 'परिपत्रक' टाकून मोकळं होतं, आणि छापणारा माणूस ते वाचतही नाही. हा शब्द माझ्या डोळ्यांसमोर यायची ही पहिली वेळ नाही, म्हणून जरा तावात लिहितो आहे. तेवढं समजून घ्या.

दुकानदाराचंही चूक. गोल काचेचा संबंध नाही. उद्या चौकोनी काच बसवली तरी तो फिल्टर सर्क्युलरच राहील.

आता ध्रुवीकरण की ध्रुवण. प्रकाशासाठी ध्रुवण, म्हणजे त्याच्या लाटेचं हलणं एका ठरावीक पद्धतीचं असणं. मराठी विश्वकोशात ध्रुवण आहे, तिथे ध्रुवणमितीवर नोंदही आहे, आणि या बाबतीत माझं विश्वकोशाशी भांडण नाही. (पुढे आहे.) ध्रुवीकरण मतदारांचं होतं, ते बातम्यांपुरतं राहू द्या. पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले माझे एक स्नेही म्हणतात, इंग्रजीत 'आयझेशन' आहे म्हणजे मराठीत 'करण' हवंच. हा कुठला न्याय? संस्कृत व्याकरणात हा च्वि प्रत्यय : जे आधी तसं नव्हतं ते तसं करणं. शुक्लीकरण म्हणजे पांढरं नव्हतं ते पांढरं करणं. मग ध्रुवीकरण म्हणजे जे स्थिर नव्हतं ते स्थिर करणं. निवडणुकीत नेमकं हेच होतं असं म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. मी ध्रुवणच म्हणणार.

पण खरी गंमत मुळात 'ध्रुव' या शब्दात आहे, आणि तिथे जायची मला घाई झाली आहे.

१८०८ साली पॅरिसमध्ये एत्येन मालुस हा फ्रेंच अभियंता घराच्या खिडकीतून आइसलँडचा स्फटिक डोळ्याशी धरून पाहत होता. समोरच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या तावदानांवर मावळता सूर्य चमकत होता. स्फटिकातून एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात, पण स्फटिक फिरवला तसा त्यातली एक फिकी पडत गेली. काचेवरून परतलेल्या प्रकाशाला काहीतरी दिशा आहे, हे त्याने ताडलं. तेव्हा प्रकाश म्हणजे कण, अशी समजूत होती. मालुसला वाटलं, लोहचुंबकाला जशी टोकं असतात तशी या कणांनाही असावीत. म्हणून १८११ साली त्याने शब्द काढला तो 'पोल'वरून. प्रकाशाला असली टोकं नसतात, हे पुढे कळलं. शब्द मात्र चिकटला तो चिकटलाच. म्हणजे ज्याच्या भाषांतरावरून आपण भांडतो आहोत तो मूळ शब्दच गैरसमजातून आलेला.

आता हा 'पोल' कुठला? गावातला विजेचा पोल नव्हे. तो लॅटिन 'पालुस'चा, म्हणजे खुंट्याचा वंशज, त्याचं घराणं वेगळं. ध्रुवाचा पोल ग्रीक 'पोलॉस'वरून आला : आकाश ज्याच्याभोवती फिरतं तो आस. त्याचं मूळ फिरणं, वळणं या अर्थाच्या धातूत, आणि त्याच धातूतून संस्कृतात चरति आलं, चक्र आलं, आपलं चाक आलं. ग्रीकमध्ये 'कुक्लॉस' आला, त्यावरून सायकल. म्हणजे 'सायकलचं चाक' म्हणताना आपण एकच शब्द दोनदा म्हणतो, आणि ध्रुवणातला पोल हा त्या दोघांचा सख्खा चुलतभाऊ. इंग्रजांच्या शब्दात फिरणं आधीपासूनच आहे. त्यावर आणखी 'सर्क्युलर' लावणं म्हणजे चाकाला चाक लावणं.

आपण त्याच्या बदल्यात घेतला 'ध्रुव'. ध्रुव म्हणजे अढळ. फिरणाऱ्याच्या जागी अगदी उलटा, न हलणारा! इथे लोक हसतात. हसण्याआधी धातुपाठ उघडा. 'ध्रु गतिस्थैर्ययोः'. गती आणि स्थैर्य, दोन्ही अर्थ एकाच धातूला. जुन्या वैयाकरणांनी हे का केलं ते देव जाणे, पण मला ही नोंद फार आवडते. मालवणच्या किनाऱ्यावरून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम सोळा अंशांवर दिसतो (जितके अक्षांश, तितकी ध्रुवाची उंची), आणि तो अढळही नाही : खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त सरकलेला असल्यामुळे रोज एक बारीकसं वर्तुळ काढतो. स्थिरही आणि फिरताही. तुमच्या फिल्टरमधून बाहेर पडणारा प्रकाशही असाच असतो. आता तिकडे येतो.

एक नायलॉनचा लांब दोर घ्या, होडीचा असेल तर उत्तम. एक टोक माडाला बांधा, दुसरं हातात धरा. हात वर-खाली हलवा : दोरात उभी लाट जाते. डावी-उजवीकडे हलवा : आडवी लाट. हे सरळ ध्रुवण. आता दोन्ही एकदम करा, पण आडवी हालचाल उभीच्या पाव फेरी मागे ठेवा. ठरवून करायला गेलात तर जमणार नाही. हात गोल फिरवा, आपोआप जमेल. कारण गोल फिरणं म्हणजे दुसरं काय? उभं हलणं आणि पाव फेरी मागून येणारं आडवं हलणं. दोर पाहा : माडाकडे मळसूत्र धावत जाईल.

मध्ये कोणाला तरी दोन उभ्या काठ्या फाटकाच्या गजांसारख्या धरायला सांगा, दोर त्यांच्यामधून जाऊ द्या. पलीकडे फक्त उभी लाट पोचेल. काठ्या तिरप्या केल्या, आडव्या केल्या, तरी गोल लाटेतून पलीकडे जाणारा वाटा तेवढाच राहतो. सरळ लाटेचं तसं नाही. काठ्या आडव्या झाल्या की ती अडते. पोलरायझर (प्रकाशासाठी या काठ्यांचं काम करणारी काच) फिरवून प्रकाश कमी-जास्त होतो का हे पाहण्याची सगळी विद्या एवढीच आहे. मात्र साधा, ध्रुवण नसलेला प्रकाशही कमी-जास्त होत नाही. म्हणून 'बदल झाला नाही, तेव्हा वर्तुळाकारच' असं छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

तुमच्या हातात ती काच आहेच, तेव्हा हेही करा. फिल्टरची आटे असलेली, म्हणजे कॅमेऱ्याकडची बाजू आरशावर टेकवा आणि वरून पाहा. काच काळी-जांभळी दिसेल. आता उलटी ठेवा : आरसा स्वच्छ दिसेल. काच तीच, आरसा तोच. आरसा नसेल तर चकचकीत स्टीलचं ताटही चालेल. कारण असं : पुढच्या बाजूला पोलरायझर आहे, मागे एक पातळ थर आहे जो दोन घटकांपैकी एकाला पाव लाट मागे टाकतो. प्रकाश आत शिरताना आधी सरळ होतो, मग थरातून मळसूत्री. आरशावर आपटला की उजव्याचा डावा होतो. परत येताना थर त्याला पुन्हा सरळ करतो, पण आता आडवा, आणि पोलरायझर त्याला दारातच अडवतो. त्रिमिती सिनेमाचा चष्मा घरी पडला असेल तर तो घालून, एक डोळा मिटून आरशात पाहा. बहुतेक चष्म्यांत तुमचा उघडा डोळा काळ्या भिंगामागे गडप होईल आणि मिटलेला दिसेल. तसं झालं तर चष्मा मळसूत्री प्रकाशाचा. उलट झालं तर सरळ ध्रुवणाचा.

थर मागे का लावतात? डीएसएलआर कॅमेऱ्यातला आरसा आपोआप फोकस करायला आणि उजेड मोजायला थोडा प्रकाश बाजूला काढतो. सरळ ध्रुवित प्रकाश आला तर त्याची वाटणी दिशेनुसार बिघडते. मळसूत्री प्रकाशाला लाडकी दिशा नसते, म्हणून वाटणी ठीक होते. बस्स.

आता भांडण. १८२२ साली फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने या प्रकाराला 'वर्तुळाकार' हे नाव दिलं आणि मराठीने ते जसंच्या तसं उचललं. मला ते अर्धवट वाटतं. एका जागी उभं राहून पाहिलं तर वर्तुळ, मान्य. पण एका क्षणी संपूर्ण दोर पाहिला तर वर्तुळ कुठे आहे? तिथे आहे पीळ. उजवा पीळ, डावा पीळ. मिशीचा पीळ आणि पीळदार दंड सोडून देतो, ते सगळ्यांना ठाऊक. मी म्हणतो तो सुंभाचा पीळ. नारळाची सोडणं खाडीच्या चिखलात कुजवून, बडवून काथ्या काढायचा, तो मांडीवर वळायचा. पेडाला एका बाजूचा पीळ दिला की दोन पेड एकत्र येताना आपसूक उलट्या बाजूला वळतात, आणि त्या उलट्या पिळांच्या ओढीनेच दोरी टिकते. प्रकाशातही उजवा पीळ आणि डावा पीळ सारखे मिसळले की उरतो सरळ ध्रुवित प्रकाश. हे फ्रेनेलनेच दाखवलं. साखरेचा निवळ पाक दोन पोलरायझरांमध्ये ठेवला की प्रकाशाच्या ध्रुवणाची दिशा वळते ती याच कारणाने : पाकात एक पीळ दुसऱ्यापेक्षा किंचित हळू चालतो, म्हणून बेरीज तिरकी होते. काथ्या वळणाऱ्या आज्यांना हे अर्ध्या मिनिटात समजलं असतं. 'वर्तुळाकार ध्रुवीकरण' ऐकून त्या उठून गेल्या असत्या.

आणि पिळाचा मोठा फायदा असा की तो कुठल्याही टोकाने पाहिला तरी बदलत नाही. घड्याळाच्या दिशेने की उलट, हे पाहणाऱ्यावर ठरतं : दोराच्या या टोकाने एक, त्या टोकाने दुसरं. म्हणून जुने प्रकाशविज्ञानवाले समोरून येणारा प्रकाश बघून उजवा-डावा ठरवतात, रेडिओवाले मागून जाणारी लाट बघून, आणि एकाच लाटेला एक उजवी म्हणतो तर दुसरा डावी. आपल्याकडे शंखाचं हेच झालं आहे. किनाऱ्यावर दुर्मिळ म्हणून ज्याची किंमत सांगतात तो दक्षिणावर्ती शंख प्राणिशास्त्रज्ञांच्या लेखी डावा. ते शंखाचं वेटोळ्याचं टोक वर धरतात, पूजेत ते खाली असतं. माझे प्राध्यापक स्नेही इथेही म्हणाले, "पीळ हा शब्द गावठी वाटतो." वाटू दे. मासेमारी होडीवरच्या जीपीएसला उपग्रहाकडून येणारे संदेश उजव्या पिळाचे असतात (रेडिओवाल्यांच्या हिशोबाने), आणि डोक्यावरून येऊन पाण्यावर आपटून परतले की बहुतांशी डावे होतात. म्हणून ॲन्टेना उजव्याच पिळाची ठेवतात, म्हणजे समुद्रावरून परतलेला खोटा संदेश बराचसा गळतो. ज्या खलाशाच्या होडीत हे रोज चालतं त्याला हा शब्द गावठी वाटेल का?

सुंभ जळतो पण पीळ जात नाही, ही म्हण कोणासाठी वापरतात ते सांगायला नको. शब्दांच्या बाबतीत मीही त्यातलाच.

तर तुमच्या पत्रकात छापायचं झालं तर 'वर्तुळ ध्रुवण फिल्टर' छापा. तेवढं परिभाषेत बसेल आणि कोणी भांडणार नाही. कंसात 'पिळाचा प्रकाश' घातलात तर मी स्वतः मालवणला येऊन तुम्हाला सोलकढी पाजेन.

आणि चमक : पाण्यावरून परतणारा प्रकाश पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांनी येतो तेव्हा जवळजवळ पूर्ण सरळ ध्रुवित असतो, म्हणून फिल्टर तिथेच सगळ्यात जास्त कापतो. भर दुपारी डोक्यावरच्या सूर्याची चमक तो फारशी कापत नाही म्हणून दुकानदाराशी वाद घालू नका. खाडीत नांगरलेल्या होड्यांचं पाण्यातलं प्रतिबिंब हवं असेल तर मात्र तो काढूनच ठेवा. चमक कोणती आणि होडीचं प्रतिबिंब कोणतं, हे त्याला कळत नाही.