चाळीस हजार भरून पुस्तक काढू का?

पत्र (थोडक्यात): "मी कराडला एका पतसंस्थेत रोखपाल आहे. वय सेहेचाळीस. बरीच वर्षं विनोदी कथा लिहिते, रात्रीचं सगळं आवरलं की स्वयंपाकघरातच बसून. दिवाळी अंकांत सहा कथा आल्या. एका अंकाने पाचशे रुपये मानधन दिलं, बाकीच्यांनी नुसता अंक पाठवला, एकाने तोही नाही. यजमान 'छान' म्हणतात, पण अंक उघडत नाहीत. सासरे म्हणतात, लिहायचंच तर काही गंभीर लिही. गेल्या दिवाळीतल्या माझ्या कथेत लग्नघरी रुखवतातली भांडी मोजत फिरणारी एक बाई आहे. ती आपणच, असं नणंदेला वाटलं आणि तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. आता एक प्रकाशक म्हणतात, चाळीस हजार भरा, संग्रह काढतो. पुस्तक आलं तर घरचे मला लेखिका मानतील का? की हा नाद सोडून देऊ?"

ताई,

आधी प्रकाशकांचं, कारण त्यात तुमचे कष्टाचे पैसे आहेत. चाळीस हजार भरू नका. निदान आत्ता नको, आणि घरच्यांनी मानावं म्हणून तर मुळीच नको. ज्यांनी अंक उघडला नाही ते पुस्तक उघडतील याची काही खात्री नाही. प्रतींची खोकी मात्र माळ्यावर चढतील आणि येताजाता तुम्हालाच दिसत राहतील.

पदरचे पैसे घालून पुस्तक काढण्यात कमीपणा नाही. आपल्याकडे पुष्कळांनी काढली आहेत. पण मग तो व्यवहार आहे असं धरून चाला, आणि व्यवहार तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो. त्यांना विचारा: प्रती किती छापणार, त्यातल्या मला किती, उरलेल्या कोण आणि कुठे विकणार, विक्रीचा हिशेब कधी मिळणार. हे कागदावर द्यायला ते कां-कूं करू लागले, तर त्यांना तुमच्याकडून फक्त छपाईचं बिल वसूल करायचं आहे असं समजा. करारातली हक्कांची ओळ दोनदा वाचा. कथा तुमच्या आहेत. लेखी सही दिल्याशिवाय त्यांचे हक्क कुणाकडे जात नाहीत, आणि तुमच्यामागे 60 वर्षं ते तुमच्या वारसांकडे राहतात. 'सर्व हक्क कायमचे प्रकाशकाकडे' असं कुठे दिसलं तर ते खोडायला लावा. किती वर्षांसाठी, कोणत्या आवृत्तीसाठी, हे स्पष्ट लिहून घ्या. (मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो, पण त्या भरवशावर राहू नका.)

शिवाय सहा कथांचा संग्रह अगदीच चिंचोळा होईल. दहा-बारा होऊ द्या. मग ज्या संपादकांनी तुमच्या कथा छापल्या त्यांनाच विचारा, पैसे न घेता पुस्तक काढणारं कोण आहे म्हणून. त्यांना ही माणसं माहीत असतात.

त्या सहा कथांबद्दल तुम्ही पत्रात एक ओळ लिहिली आणि पुढे गेलात. मला तिथे थांबावंसं वाटतं. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेचं खरं माहेर दिवाळी अंक हेच आहे. तुम्हाला न पाहिलेल्या, तुमच्याशी काही देणंघेणं नसलेल्या संपादकांनी आलेल्या गठ्ठ्यातून तुमची कथा बाजूला काढली, आणि हे सहा वेळा झालं. वाचनालयात गेलेला अंक दिवाळी सरून उन्हाळा लागला तरी घरोघर फिरत असतो. त्यातल्या किती घरांत तुमच्या कथेवर कोण हसलं, हे तुम्हाला कधीच कळणार नाही, पण हसली आहेत माणसं. तुमचं वाचकांशी नातं जुळलेलं आहे, ते फक्त तुमच्या घरात राहत नाहीत. यजमानांवर रागावू नका. त्यांच्या हातात अंक देण्याऐवजी जेवणं झाल्यावर एखादं पान मोठ्याने वाचून दाखवा. विनोद ऐकायला सोपा असतो. कुठे हसू येतं आणि कुठे येत नाही, हेही तुम्हाला तिथल्या तिथे कळेल.

ज्यांनी अंकच पाठवला नाही त्यांना दोन ओळींचं पत्र टाका, अंक आणि मानधन दोन्ही मागा. मागण्यात संकोच कसला? आणि पुढची कथा पावसाळा लागायच्या आत पाठवा. उशिरा आलेली चांगली कथाही जागा नाही म्हणून परत जाते.

सासऱ्यांना चिं. वि. जोशींबद्दल सांगा. बडोद्याला ते पाली शिकवत, संस्थानच्या दप्तरखान्याचं काम पाहत, बौद्ध धर्मावर त्यांनी लिहिलं. इतका गंभीर अभ्यास गाठीशी असलेल्या माणसाने चिमणराव लिहिला, आणि लोकांच्या मनात राहिला तो चिमणराव. विनोदी लिहिणं हे गंभीर लेखनाच्या खालच्या पायरीवरचं काम आहे, हे मला कधीच पटलेलं नाही. हसवायला माणूस फार जवळून पाहावा लागतो.

नणंदेचं दुखणं तिथेच आहे. पत्रासोबत पाठवलेली कथा मी वाचली. ती बाई स्टीलचे डबे मोजून चिठ्ठीवर टिपून घेते, तिथे मी मोठ्याने हसले. पण मग लक्षात आलं की कथा सांगणारी वहिनी पहिल्यापासून शेवटपर्यंत शहाणी आहे. तिचं काहीच चुकत नाही, तिची कुठेच फजिती होत नाही. सगळं हसू एकट्या त्या बाईवर येऊन पडतं. चिमणराव आपली गोष्ट स्वतः सांगतो आणि सगळ्यात जास्त फजिती त्याचीच होते. म्हणून त्याच्या आसपासच्या माणसांना कुणी हसलं तरी त्यात डंख राहत नाही. पुढच्या कथेत तुमच्या वहिनीलाही पडू द्या तोंडघशी. कथा जास्त खुलेल.

आता प्रत्यक्ष नणंदेबद्दल. 'ती तुम्ही नाहीच' असं म्हणू नका. चिठ्ठीवर डबे टिपणं तुम्ही कुठून घेतलंत हे तुम्हालाही माहीत आहे आणि त्यांनाही. सगळं घर जेवायला जमेल तो दिवस टाळून एकट्या जा. दुखावलं हे मला कळतंय, इतकंच म्हणा आणि त्यांना बोलू द्या. मध्ये कथेची बाजू मांडू नका. त्या म्हणाल्या की यापुढे माझ्यावर लिहायचं नाही, तर ते कबूल करा. लिहायला कराडात आणखी माणसं आहेत, आणि पतसंस्थेच्या खिडकीतून ती तुम्हाला रोज दिसतात. पण त्या म्हणाल्या की तू लिहूच नकोस, तर तेवढं मात्र कबूल करू नका. शांतपणे 'नाही' म्हणा, चहा घ्या आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जा.