एक तळ्यात, एक मळ्यात

मावशी,
नवरा आणि मी नोकऱ्या सोडून चार महिन्यांच्या प्रवासाला निघालोय. पाठीवर एकेक सॅक, बाकी काही नाही. राजस्थान, कुमाऊं करत नेपाळात पोहोचेपर्यंत दोघंही पार पिळून निघालो होतो, म्हणून पोखऱ्यात सहा रात्री थांबलो. इतके निवांत दिवस मी कधी काढले नव्हते. सकाळी फेवा तलावात नाव, दुपारी डाळभात आणि झोप. नवरा मात्र फोनमधून मान वर करायला तयार नाही. एकदाच पहाटे ढग फाटून माछापुच्छ्रे शिखर दिसलं, तेव्हाही गच्चीवर आला नाही. (तिकिटं तोच काढतो. जोधपूरला माझ्याकडून तारीख चुकली होती, तेव्हापासून.) परतताना बुटवलच्या अलीकडे, सिद्धबाबाच्या वळणांवर दरड आली. आठ तास बसमध्ये. सुनौलीची सीमा ओलांडून गोरखपूरला आलो तर काशीची गाडी गेलेली. स्टेशनात सगळ्यांसमोर तो म्हणाला, "तुला काय, तू बसली होतीस तळ्यात!" त्यानंतर आम्ही कामापुरतंच बोलतोय. पुढचं काशी–पुरी तिकीटही वेटिंगवर आहे. इथून नाशिकची थेट गाडी मिळते. माहेरी निघून यावं का?
— नावेतली

नावेतली,

कुशीनगर एक्स्प्रेस नाशिक रोडला थांबते, मला माहीत आहे. म्हणून तर ती तुला खुणावतेय. ती गाडी काशीला जाणारी असती तर तुला काशी बरी वाटली असती. अंगावरचे घामट कपडे बदलायच्या आत माणसानं असले निर्णय घेऊ नयेत. अंघोळ कर, पोटभर जेव, एक रात्र नीट झोप. मग हे पुढचं वाच.

तुझ्या पत्रातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य तू कंसात टाकलंयस. जोधपूरचं.

परवाच इथून, पुण्यातून, पालख्या पुढे गेल्या. माझं लहानपण नाना पेठेतलं. तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाच्या देवळात दोन रात्री मुक्कामाला असायची, माउलींची जवळच भवानी पेठेत. गल्लीभर वारकरी पाय पसरून बसलेले, कुणी त्यांचे पाय चेपतंय, कुणी फाटक्या चपला शिवून देतंय, कुणी फुकट दाढी करतंय. आमच्या वाड्यात एक दिंडी उतरायची. दिंडीत स्वयंपाकाला असलेल्या एक आजी होत्या. मुक्कामाचा दिवस म्हणजे त्यांना दुप्पट काम, कारण चालताना माणसं दोन वेळा जेवतात आणि बसली की चार वेळा चहा मागतात. माझ्या आईनं त्यांना विचारलं, "आजी, तुम्ही कधी टेकता?" त्या म्हणाल्या, "आमचा इसावा पंढरपुरात." आणि खरं सांगू का, पंढरपुरातही त्या चुलीपाशीच असणार, हे आईलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही.

तुमच्या दोघांच्या दिंडीत ती आजी म्हणजे तुझा नवरा.

पोखऱ्यात तुम्ही सहा दिवस थांबलात असं तू लिहितेस. थांबलीस तू. तो सहा दिवस गोरखपूरच्या वाटेवरच होता, फक्त अंगानं खोलीत. तात्काळचं स्लीपरचं बुकिंग आदल्या दिवशी सकाळी अकराला उघडतं. नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं, म्हणजे तिथले सव्वाअकरा. २०२५च्या जुलैपासून ऑनलाइन तात्काळला खातं आधारशी जोडलेलं लागतं, शिवाय ओटीपी. तो ओटीपी येणार भारतातल्या नंबरावर, म्हणजे परदेशात रोमिंग चालू असलेलं सिम हवं. ते तुमच्यापैकी कुणाचं होतं? पैज लावते, त्याचंच. तू तळ्यातल्या तालबाराहीच्या देवळाकडे नाव वल्हवत होतीस तेव्हा हा माणूस गेस्ट हाउसच्या जिन्यात रेंज शोधत उभा असणार. माछापुच्छ्रे दिसलं तेव्हाही बसवाल्याशी घासाघीस चालली असेल. किंवा नुसता झोपला असेल बिचारा.

आता वाटेल मावशी जावयाच्या बाजूनं झाली. थांब.

त्याला झापायला माझ्याकडे पुरेसं आहे. पहिलं म्हणजे, पावसाळ्याच्या दिवसांत पोखऱ्याहून घाट उतरायचा आणि त्याच रात्रीची गोरखपूरची गाडी धरायची, हा बेत कुणाचा? पोखरा–बुटवल रस्ता मुळात वळणावळणाचा, आणि सिद्धबाबाचा तो टप्पा दरडींसाठी इतका बदनाम आहे की तो टाळायला तिथे बोगदा खणायला घ्यावा लागला. डोंगर आणि रेल्वे यांच्यामध्ये एक रात्र मोकळी सोडायची असते. भैरहवात सोडा, सुनौलीत सोडा, पण सोडा. ती त्यानं सोडली नाही. दरड आली ही त्याची चूक नव्हे, पण दरडीला जागाच ठेवली नाही ही त्याचीच. तू जोधपूरला तारीख चुकवलीस आणि तुझ्याकडून तिकिटांचा पासवर्ड काढून घेतला गेला. त्यानं इथे अख्खी गाडी चुकवली, कन्फर्म तात्काळ असल्यामुळे एक रुपया परत मिळणार नाही, आणि ओरडा कुणी खाल्ला? तू. तोही चारचौघांत. हे त्यानं बोलून दाखवायला हवं, आणि त्यासाठी त्यानं माफी मागेपर्यंत तू वाट बघितलीस तर मला त्यात काही गैर वाटणार नाही.

पण एक विचारते, रागावू नकोस. जोधपूरनंतर तू पासवर्ड परत मागितलास का? का मनात कुठेतरी हायसं वाटलं? मला वाटलं असतं. आमच्या ह्यांनी एकदा एसटीच्या रिझर्व्हेशनवरून मला "तुला नाही जमणार" म्हटलं होतं. मी दोन दिवस फुगले आणि पुढची बावीस वर्षं रांगेत उभी राहिले नाही. ते रांगेत, मी बाकावर पेरू खात. ते गेल्यावर पहिल्यांदा एकटीनं तिकीट काढायला गेले तेव्हा फॉर्मवर गाडीचा नंबर कुठे लिहायचा हे मला माहीत नव्हतं. असो.

तर आता काय करायचं. आयआरसीटीसीवर तुझं स्वतःचं खातं काढ, तुझ्या आधारशी जोड, ओटीपी तुझ्या नंबरावर. आता तुम्ही भारतात आहात, रोमिंगचं लचांड संपलं. गोरखपूर ते काशी ही पायरी तुझी: तिकीट तुझं, लॉज तुझा, घाटाजवळ घ्यायचा की स्टेशनजवळ तेही तूच ठरव. आणि काशीत किमान चार दिवस त्याच्याकडे कसलंच काम नाही. ॲप उघडून "बघू तरी काय काढलंस" एवढंही नाही. तुझ्याकडून पुन्हा काहीतरी चुकेल. चुकू दे. महागडा लॉज मिळेल, रात्रभर डास चावतील. त्यानं ते निमूट खाजवायचं.

हे त्याला सांगताना "तू मला विश्वासात घेत नाहीस" इथून सुरुवात केलीस तर पुन्हा स्टेशनवरचंच भांडण होईल. त्याला सरळ विचार, पोखऱ्यात तू काय काय केलंस, रोजचं सांग. मध्ये बोलू नकोस. मला वाटतं बरंच निघेल.

पुरीचं म्हणशील तर रथयात्रेच्या दिवसांत तिथलं तिकीट वेटिंगवर असणारच, त्यात कुणाचा दोष नाही. ऑनलाइन काढलेलं वेटिंग चार्ट लागल्यावरही तसंच राहिलं तर आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात. ते घेऊन स्लीपरमध्ये घुसायचा विचारही करू नका, टीसी उतरवतो. रथयात्रेचा सगळा सोहळा आटोपला की गर्दी ओसरते. तोवर काशीत राहा, घाई कसली आहे तुम्हाला, नोकऱ्या तर सोडल्यात.

आरएसी झालं तर मात्र सोडू नकोस. एकाच तिकिटावर असलात तर बहुधा दोघांत मिळून एक साइड लोअर येईल. रात्रभर समोरासमोर बसायचं, एवढ्याशा जागेत चार पाय. पाय कुठे ठेवायचे एवढं तरी एकमेकांना विचारावंच लागेल.

— मावशी