पानगळीत क्रांती कुठे असते?

प्रश्न : इंग्रज कवी शेलीच्या ‘ओड टू द वेस्ट विंड’ या पश्चिमेच्या वाऱ्याला उद्देशून लिहिलेल्या कवितेचा शेवट, म्हणजे हिवाळा आला तर वसंत कितीसा लांब असणार, हा फार क्रांतिकारक मानला जातो. मला ते पटत नाही. ऋतू आपोआप बदलतात, त्यासाठी कुणाला बोटही हलवावं लागत नाही. शिवाय वसंतानंतर पुन्हा हिवाळा ठरलेलाच. मग ही क्रांती, की नुसता दिलासा?

उत्तर : निसर्ग क्रांतीच्या विरोधातही बोलायला लावता येतो. ब्रिटिश राजकारणी एडमंड बर्कने १७९० मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीवर टीका केली, तेव्हा निसर्गालाच साक्षीला काढलं. बंडखोर म्हणजे गवतात किरकिरणारे मूठभर नाकतोडे आणि खरा इंग्लंड म्हणजे ओकच्या सावलीत शांतपणे रवंथ करणारी हजारो गुरं! पलीकडे फ्रान्समधल्या क्रांतिकारकांनी १७९३ मध्ये नवी दिनदर्शिका आणली आणि वसंतातल्या एका महिन्याला अंकुरांवरून ‘जर्मिनाल’ नाव दिलं. तेव्हा कवीने निसर्गातलं नेमकं काय उचललं, ते पाहावं लागतं.

शेलीने वसंत उचललेला नाही. सत्तर ओळींच्या या कवितेत वसंताचं नाव जेमतेम दोनदा येतं. बाकी सगळी पानगळ, वादळ, काळा पाऊस, गारा. पानं पिवळी, काळी, फिकट, तापाने लालबुंद झालेली. कवी त्यांना साथीच्या रोगाने ग्रासलेले जमाव म्हणतो. आणि ती आपोआप गळत नाहीत, मांत्रिकापुढून भुतं पळावीत तशी वारा त्यांना पिटाळतो. बिया थडग्यातल्या प्रेतांसारख्या गार पडून राहतात. इतकं मरण मांडणाऱ्याला स्वस्तात दिलासा द्यायचा आहे, असं मला तरी वाटत नाही.

मरण त्याच्या घरातही होतं. जून १८१९ मध्ये त्याचा लहानगा मुलगा विल्यम रोममध्ये गेला. मुलगी क्लारा आदल्याच वर्षी गेली होती. १६ ऑगस्टला मँचेस्टरच्या सेंट पीटर्स फील्डवर संसदेत प्रतिनिधित्व मागायला जमलेल्या हजारोंवर घोडदळ घालण्यात आलं. पीटरलू म्हणतात ते हेच. ही बातमी इटलीत शेलीला सप्टेंबरमध्ये कळली, आणि ऑक्टोबरमध्ये फ्लॉरेन्सजवळ आर्नोकाठच्या रानात ही कविता सुचली. त्याची बायको मेरी तेव्हा पुन्हा गरोदर होती. नोव्हेंबरमध्ये मुलगा झाला. आता ते ‘जमाव’ पुन्हा वाचा. (कवीचं चरित्र कवितेच्या बोकांडी बसवू नये हे मलाही कळतं, पण या तारखा इतक्या लागून आहेत की डोळेझाक करवत नाही.)

तुमच्या ‘पुन्हा हिवाळा’ या आक्षेपाचं उत्तर शेवटच्या कडव्यात आहे. माझे मेलेले विचार वाळक्या पानांसारखे विश्वभर उधळ, त्यातून नवा जन्म लवकर होऊ दे, असं शेली वाऱ्याला विनवतो. गळलेलं पान फांदीवर परत चिकटत नाही, ते कुजून दुसऱ्या कशाचं तरी खत होतं. लगेच पुढे तो न विझलेल्या चुलीतली राख आणि ठिणग्या उधळायला सांगतो. ठिणगी ऋतुचक्रात बसत नाही, ती पेटवते. आणि ज्या ओळीवर तुमचा राग आहे, तिच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे. शुभेच्छापत्रं छापणारे ते वाचत नाहीत. मी तो खराखुरा प्रश्न मानतो.

तरीही ‘माणसाने करायचं काय?’ हा तुमचा मुद्दा उरतोच. त्यासाठी ‘द मास्क ऑफ अ‍ॅनार्की’ वाचा. ती थेट पीटरलूवरच आहे. खटल्याच्या भीतीने प्रकाशकाने ती दाबून ठेवली आणि १८३२ मध्ये, शेली जाऊन दहा वर्षं झाल्यावर, छापली. तिच्यात शेली लोकांना सांगतो : झोपेतून सिंहांसारखे उठा, झोपेत अंगावर पडलेलं दव झटकावं तशा बेड्या झटका; तुम्ही पुष्कळ आहात, ते थोडे आहेत. दव आपोआप पडतं, पण झटकायचं झोपणाऱ्याने. काव्य म्हणून मी ‘वेस्ट विंड’लाच वर ठेवीन, तुमच्याशी वाद घालायला मात्र ही कविता जास्त उपयोगी आहे.

प्रश्न : मग शेलीच्या काळातले सगळेच रोमँटिक (स्वच्छंदतावादी) कवी निसर्गात क्रांती पाहत होते का?

उत्तर : छे. कीट्सने त्याच शरदात, १९ सप्टेंबर १८१९ रोजी, विंचेस्टरला ‘टू ऑटम’ लिहिली. वसंताची गाणी कुठे गेली, असं विचारून तो शरदाला म्हणतो, त्यांचा विचार सोड, तुझंही संगीत आहे. या कवितेतही पीटरलू शोधणारे समीक्षक आहेत; मला ते ओढूनताणून वाटतं.

बायरन तर दुसऱ्या टोकाला. १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. त्या १८१६ मध्ये त्याने ‘डार्कनेस’ लिहिली. सूर्य विझलाय, ऋतू संपलेत. राजांची सिंहासनं आणि महाल तिथेही जळतात, पण ते बंड नव्हे. उजेड हवा म्हणून लोक जाळतात, आणि त्याच उजेडासाठी आपल्या झोपड्याही. शेवटी उरतात दोन माणसं, एकमेकांची वैरी, आणि एकमेकांचे चेहरे पाहून भीतीनेच मरतात. तिथे रुजायला बीही ठेवलेलं नाही.