बंड, विद्रोह की उठाव? डिस्टोपियातील प्रेमिकांच्या कृतीला काय म्हणावे

एका वाचकाने एका कादंबरीचा परिचय लिहिताना 'भविष्यातील हुकूमशाही समाजात घडणारी ही तरुण प्रेमाची आणि बंडाची कथा आहे' असे वाक्य लिहिले. तो मजकूर तपासणाऱ्या त्यांच्या स्नेह्यांनी 'बंड' खोडून 'विद्रोह' केले आणि 'हुकूमशाही समाज' म्हणजे डिस्टोपिया (भविष्यातील भयाण समाजाचे चित्रण) नव्हे, असा शेराही मारला. बंड, विद्रोह आणि उठाव यांपैकी येथे नेमका कोणता शब्द योग्य आणि डिस्टोपियाला मराठीत काय म्हणावे, असे आता त्या वाचकांनी विचारले आहे. दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचे उत्तर बरेचसे त्यावर अवलंबून आहे.

'युटोपिया' हा शब्द थॉमस मोरने १५१६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या लॅटिन पुस्तकासाठी ग्रीक शब्दांवरून घडवला. 'टोपोस' म्हणजे जागा, आणि आधीचा 'ऊ' नकारार्थी. म्हणजे कुठेच नसलेली जागा. उच्चारात मात्र 'चांगली जागा' या अर्थाचाही भास होतो आणि हा श्लेष मोरला अभिप्रेत होता. पुढे त्याच्या विरुद्ध अर्थी 'डिस्' हे पूर्वपद लावून डिस्टोपिया तयार झाला. जॉन स्टुअर्ट मिलने १८६८ साली ब्रिटिश संसदेत आयर्लंडविषयी बोलताना सरकारपक्षाची खिल्ली उडवण्यासाठी तो वापरला होता. युटोपिया म्हणजे इतके चांगले की प्रत्यक्षात येणे अशक्य, आणि यांचे धोरण इतके वाईट की प्रत्यक्षात येणे अशक्य, असा त्याच्या टोल्याचा रोख होता. भविष्यातील भयाण समाजाचे चित्रण हा आजचा अर्थ त्यानंतर रूढ झाला.

मराठी प्रतिशब्द शोधणाऱ्याला येथे एक आयती सोय आहे. ग्रीक 'डिस्' आणि संस्कृत 'दुस्' ही एकाच प्राचीन पूर्वपदाची दोन रूपे आहेत. 'दुर्जन', 'दुष्काळ', 'दुःस्वप्न' या शब्दांत आपण तेच पूर्वपद रोज वापरतो. त्यामुळे 'दुःस्थान' हा अगदी अक्षरशः जुळणारा शब्द ठरला असता. परंतु तो ज्योतिषाने आधीच पटकावला आहे. कुंडलीतील सहावे, आठवे आणि बारावे स्थान यांना दुःस्थाने म्हणतात, तेव्हा कादंबरीच्या परिचयात तो शब्द आला तर वाचक भलतीकडेच जाईल. 'दुर्लोक' मला आवडतो, पण तो वाचणारा क्षणभर थबकेल. 'दुःस्वप्नलोक' अधिक लवकर कळतो. मात्र स्वप्नातून जाग येते आणि या समाजांतून सहसा येत नाही, एवढी खोट त्यात आहे.

आता स्नेह्यांचा शेरा. तो रास्त आहे. मराठीत वाईट राज्यकारभारासाठी शब्दांची मुळीच वाण नाही. परंतु त्यांतले बरेचसे शब्द व्यवस्था मोडल्याचे सांगतात. बेबंदशाही, अंदाधुंदी, अराजक या सर्वांत धरबंध सुटलेला आहे. 'ही काय मोगलाई लागून गेली आहे?' असे आपण विचारतो तेव्हाही तक्रार हीच असते की कोणी विचारणारा उरला नाही. झोटिंगशाहीत लहर आणि दांडगाई असते. डिस्टोपियात यांतले काहीच नसते. तेथे गाड्या वेळेवर धावतात, नोंदवह्या चोख असतात, प्रत्येकाला काम, अन्न आणि जोडीदार नियमाने मिळतो. आणि जाच नेमका या नियमितपणाचाच असतो. 'हुकूमशाही' हा शब्द त्याच्या जवळ जातो खरा, पण हुकूमशाहीत एक हुकूम देणारा दिसतो आणि त्याला शिव्या तरी देता येतात. डिस्टोपियात हुकूम माणसाच्या अंगवळणी पडलेला असतो. म्हणून साहित्यप्रकाराचे नाव म्हणून मी 'डिस्टोपिया' हाच शब्द देवनागरीत ठेवीन, आणि वर्णन करायचे असेल तेव्हा 'माणसाचे खासगी आयुष्यही ताब्यात घेणारी व्यवस्था' असे सरळ सांगेन.

हे एकदा ध्यानात घेतले की प्रेम आणि बंड हे दोन शब्द अशा कथांत शेजारी का येतात हेही कळते. येवगेनी झाम्यातिन याने १९२०-२१ मध्ये रशियन भाषेत लिहिलेल्या आणि १९२४ साली प्रथम इंग्रजी अनुवादात प्रसिद्ध झालेल्या 'वी' (We) या कादंबरीत माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. घरांच्या भिंती काचेच्या आहेत, आणि पडदे ओढण्याची परवानगी फक्त नोंदवलेल्या जोडीदारासोबतच्या ठरावीक तासापुरती, तीही गुलाबी रंगाचे कुपन दाखवल्यावर मिळते. म्हणजे स्त्री-पुरुषांनी एकत्र येण्याला तेथे बंदी नाही, उलट त्याची रीतसर तजवीज आहे. बंदी आहे ती एकाच माणसाचा ध्यास घेण्यावर. अशा ठिकाणी कोणावर जीव जडणे हाच कायद्याचा भंग ठरतो.

पण तिला बंड म्हणावे का? मराठीत आपण बंड 'पुकारतो', बंडाचे निशाण 'उभारतो', आणि सत्ता ते 'मोडून काढते'. या सर्व क्रियापदांत उघडपणा आहे. 'गुप्त बंड' हा प्रयोग कानाला खटकतो. गुप्त असतो तो कट, आणि तो शिजतो. 'माझे मन बंड करून उठले' असे आपण म्हणतो हे खरे, पण तेथेही 'उठणे' आहेच. ज्याचे मन आहे त्याच्यासमोर ते उभे ठाकते, म्हणून ते बंड. बंडाला समोर कोणीतरी लागतो. काचेच्या खोलीत चेहऱ्यावरची रेषाही न हलू देता एकमेकांवर प्रेम करणारे दोघे अजून बंड करत नाहीत. ते अवज्ञा करत आहेत, नियम मोडत आहेत, फार तर त्यांच्या वृत्तीला बंडखोरी म्हणता येईल. बंड ही घटना आहे आणि बंडखोरी हा स्वभाव; हा भेद मराठीने छान राखला आहे आणि तो परिचय लिहिताना वाया घालवू नये. (राजकारणाच्या बातम्यांनी बंडखोरांचे 'बंडोबा' आणि समजूत पटल्यावर त्यांचे 'थंडोबा' करून टाकले आहेत. त्यामुळे 'बंडखोर' शब्दाची धार थोडी बोथट झाली आहे, हेही नाकारता येत नाही.)

'उठाव' लवकर निकालात काढता येईल. उठावाला समुदाय लागतो. 'त्या दोघांनी उठाव केला' हे वाक्य, त्यांच्या मागे आणखी माणसे असल्याशिवाय, लंगडेच राहते. १८५७ च्या घटनांना गोडसे भटजींच्या १९०७ साली छापल्या गेलेल्या प्रवासवृत्ताच्या नावात 'बंड' म्हटले आहे. आता त्याच घटनांना 'उठाव' म्हणण्याचा प्रघात आहे, कारण 'बंड' म्हटले की ज्याच्याविरुद्ध ते झाले त्याचा अधिकार नकळत मान्य केल्यासारखे होते. 'क्रांती' तर येथे प्रश्नातच नाही. या कथांत व्यवस्था बहुधा शेवटी जागच्या जागीच असते.

'विद्रोह' मात्र विचार करायला लावतो. यातला मूळ 'द्रोह' मित्रद्रोहातला आणि राजद्रोहातला आहे. ज्याने विश्वास ठेवला त्याचे वाईट चिंतणे, त्याचा घात करणे हा त्याचा अर्थ. म्हणजे मुळात हा शब्द आरोप करणाऱ्याचा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दलित साहित्याने तो उचलला, अभिमानाने अंगावर घेतला आणि त्याला एक वैचारिक वजन दिले. आज 'विद्रोही' म्हटले की व्यवस्थेची मूल्येच नाकारणारी, आपण काय नाकारतो हे नीट जाणणारी भूमिका डोळ्यांसमोर येते. असा विद्रोह कवितेत होऊ शकतो, मौनात होऊ शकतो. त्याला निशाण लागत नाही. म्हणून गुप्त प्रेमाला 'बंड' बसत नाही तेथे 'विद्रोह' बसू शकतो, पण एका अटीवर: त्या प्रेमात नकाराची जाणीव असली पाहिजे.

ही अट किती महत्त्वाची आहे हे जॉर्ज ऑर्वेलच्या १९४९ साली आलेल्या '१९८४' या कादंबरीतील जोडीवरून पाहता येते. (ती दोघे कोवळ्या वयाची नाहीत, विन्स्टन एकोणचाळीस वर्षांचा आहे आणि ज्यूलिया सव्वीसची. तरीही उदाहरण चालेल.) ज्यूलिया कार्यालयात मुद्दाम पडते आणि त्याने हात देताच त्याच्या मुठीत घडी घातलेली चिठ्ठी सारते, ती वाचताना त्याने चेहरा निर्विकार ठेवणे हे सारे दृश्यच चोरटेपणाचे आहे. पुढे दोघे भेटू लागतात तेव्हा फरक उघड होतो. विन्स्टनला सत्ता कशी चालते हे समजून घ्यायचे आहे. तो निषिद्ध पुस्तक मोठ्याने वाचू लागतो आणि ज्यूलियाला झोप लागते. तिला सिद्धान्तात रस नाही, तिला नियम मोडून जगायचे आहे. मराठीत मी विन्स्टनला विद्रोही म्हणेन आणि ज्यूलियाला बंडखोर. बंड मात्र दोघांपैकी कोणाच्याच हातून घडत नाही, कारण त्याआधीच ती पकडली जातात. शेवटी दोघेही एकमेकांना तोंडघशी पाडतात. कोर्टात साक्षीदार फिरला की आपण 'तो फितूर झाला' म्हणतो, आणि येथेही तोच शब्द चपखल बसतो. व्यवस्थेला प्रेमाला बंदी घालून पुरत नाही, तिला प्रेमिक एकमेकांविरुद्ध फितूर झालेले हवे असतात. 'विश्वासघात' येथे चालला असता, पण फितुरीत 'दुसऱ्या बाजूला जाऊन मिळणे' आहे आणि तेच नेमके घडले आहे.

झाम्यातिनच्या कादंबरीत याहून गुंतागुंतीचा प्रकार आहे. तेथील नायकावर प्रेमाची मोहिनी पडते ती एका संघटित उठावात सामील असलेल्या स्त्रीमुळे. म्हणजे उठाव तिचा, आणि त्याचे केवळ प्रेम. येथे मराठी क्रियापदे मदतीला येतात. प्रेम 'जडते', 'बसते'. जीव 'जडतो', मन 'गुंतते'. या वाक्यांत माणूस कर्ता नसतो, त्याच्या बाबतीत काहीतरी होते. बंड आणि विद्रोह यांना मात्र 'करणे' लागते. नायकाचे प्रेम शेवटपर्यंत 'जडलेले'च राहते, त्याचे 'करणे' होत नाही, आणि म्हणून कल्पनाशक्ती काढून टाकणारी शस्त्रक्रिया झाल्यावर तो तिचा छळ थंडपणे पाहू शकतो. याउलट त्याच कादंबरीतील दुसरी एक स्त्री, जिला उंची ठरवून दिलेल्या मापापेक्षा कमी असल्यामुळे आई होण्याची परवानगी नाही, ती त्याच्यापासून मूल राहू देते आणि अखेरीस शहराच्या भिंतीपलीकडे निघून जाते. ती घोषणा देत नाही, कोणत्या गटातही नसते. तिच्या कृतीला मी निःशंकपणे विद्रोह म्हणेन.

त्या कादंबरीचे शीर्षक म्हणजे प्रथमपुरुषी अनेकवचनी सर्वनाम आहे, आणि त्यापाशी मराठी अनुवादकाची मोठी पंचाईत होते. मराठीत त्याला दोन शब्द आहेत. 'आपण'मध्ये ऐकणारा सामील असतो, 'आम्ही'मध्ये तो वगळलेला असतो. सर्वांना पोटात घेणारी सत्ता स्वभावतःच 'आपण' म्हणणार: आपण सुखी आहोत, आपण एकच आहोत. दोन प्रेमिक एकमेकांशी बोलतानाही 'आपण'च म्हणतात, पण त्यांचा 'आपण' दोघांपुरता आखडलेला असतो आणि सत्ता त्याच्या बाहेर राहते. इथवर जे चालते तो विद्रोह. ज्या क्षणी ते सत्तेकडे तोंड करून 'आम्ही' म्हणतात, त्या क्षणी ऐकणारी सत्ता उघडपणे वगळली जाते; त्याला मी बंड म्हणेन. परिचय लिहिणाऱ्याने आपल्या कादंबरीतील जोडी या रेषेच्या अलीकडे थांबते की पलीकडे जाते एवढे पाहावे, म्हणजे शब्द आपोआप ठरेल.

राहता राहिले 'तरुण प्रेम'. हा इंग्रजी वळणाचा प्रयोग आहे. मराठीत 'तरुण' हे विशेषण माणसाला लागते. प्रेमाला लावले की ते प्रेमच नुकते सुरू झाले आहे असे वाटते. पात्रे सोळा-सतरा वर्षांची असतील तर 'कोवळ्या वयातील प्रेम' म्हणावे, त्याहून मोठी असतील तर 'दोन तरुण जिवांचे प्रेम' पुरे. वाचकांच्या कादंबरीतील दोघे शेवटी सर्वांदेखत नेमलेले जोडीदार नाकारतात, असे त्यांनी प्रश्नासोबत कळवले आहे. तेव्हा त्यांचे वाक्य मी असे करीन: 'माणसाने कोणावर जीव लावावा हेही ठरवून देणाऱ्या भविष्यातील समाजात दोन कोवळ्या वयाची माणसे एकमेकांत गुंततात, आणि त्यांच्या लपवलेल्या विद्रोहाचे उघड बंड कसे होते, हे ही कादंबरी सांगते.' वाक्य लांबले आहे. जागा कमी असेल तर 'विद्रोह' गाळावा आणि 'बंड' ठेवावे.