बोट कापलं, लावला सुपरग्लू!

प्रश्न : मला लाकडावर कोरीवकाम करण्याचा छंद आहे. पटाशी निसटून बोट कापलं, की मी हत्यारांच्या पेटीतला सुपरग्लू थेंबभर जखमेत सोडतो आणि पुन्हा कामाला लागतो. बायको फार रागावते. पण दवाखान्यातही हल्ली टाक्यांऐवजी जखम चिकटवतातच ना?

उत्तर : चिकटवतात, मीही चिकटवते. तरी तुमच्या पत्नीचं म्हणणं खरं आहे. दोन्ही ग्लू सायनोअ‍ॅक्रिलेट या एकाच कुळातल्या रसायनाचे. पण तुमच्या बाटलीत बहुतेक इथाइल प्रकारचा असणार. तो सुकताना तापतो, कडक होऊन तडकतो आणि लवकर विघटित होऊन त्यातून फॉर्माल्डिहाइड हे दाहक रसायन सुटतं. उघड्या मांसाला ते झोंबतं. आम्ही ब्युटाइल किंवा ऑक्टाइल प्रकार वापरतो. तो सावकाश विघटित होतो, कमी दाहक असतो, शिवाय निर्जंतुक करूनच येतो. व्हिएतनाम युद्धात रक्तस्राव थांबवायला सायनोअ‍ॅक्रिलेटचा फवारा मारत, हे खरं; पण तो जीव वाचवण्याचा प्रसंग होता. त्वचेसाठीच्या ऑक्टाइल ग्लूला अमेरिकेत परवानगी मिळाली ती १९९८ मध्ये.

मला जास्त काळजी वाटते ती तुमच्या ‘जखमेत सोडतो’ या शब्दांची. आम्ही जखम धुतो, कडा चिमटीत जुळवून धरतो आणि ग्लू फक्त वरून पसरतो. आत थेंबही जाऊ देत नाही, कारण आत गेलेला ग्लू कडांच्या मध्ये पाचरीसारखा बसतो आणि त्या सांधत नाहीत. एका सुतारकाम करणाऱ्याच्या तर्जनीतून मी असा टणक खडा काढला आहे. वरून जखम चकचकीत, बंद दिसत होती. खडा निघताच खालून पू आला आणि त्यात लाकडाचा भुसाही होता.

पुढच्या वेळी वाहत्या पाण्याखाली बोट नीट धुवा. मग स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटं दाबून धरा. थांबलं का ते मध्येच उघडून पाहू नका. वरवरचं कापलं असेल तर साधी पट्टी पुरते. रक्त थांबत नसेल, कडा फाकत असतील, बोटाचं टोक बधिर वाटत असेल किंवा एखादं पेर वाकत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पटाशीच्या पात्याने नस किंवा स्नायूबंध (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) कापला जाऊ शकतो, आणि ग्लूखाली तो दिसत नाही.

आधीच लावलेला ग्लू ओरबाडू नका. कोमट साबणाच्या पाण्यात बोट भिजवलं की तो हळूहळू सुटतो. उघड्या जखमेवर अ‍ॅसिटोन (नेलपॉलिश काढायचं द्रावण) नको. ओल्या ग्लूवर कापूस तर कधीच दाबू नका; कापसावर तो इतका तापतो की चटका बसतो.

धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली ते आठवत नसेल, तर या आठवड्यातच जाऊन घ्या.