बरणीतली खेळणी

दवाखान्यात माझ्या टेबलामागे लोणच्याची एक काचेची बरणी आहे. लोणचं तिच्यात कधीच नव्हतं. गेल्या बावीस वर्षांत कुत्र्यांच्या पोटातून जे जे निघालं, त्यातलं ठेवण्याजोगं मी धुऊन तिच्यात टाकत आले. रबरी बदकाची शिट्टी, टेडीचा एक डोळा, अर्धा रबरी चेंडू, तान्ह्या बाळाचा मोजा, आंब्याची कोय. कोय आणि मोजा सोडला तर बाकीचं सगळं कुणीतरी हौसेनं विकत आणलेलं होतं. या महिन्याच्या टपालात खेळण्यांचेच प्रश्न जास्त आलेत, तेव्हा आज तेच घेते.

प्रश्न : आमचा लॅब्रॅडॉर ब्रुनो साडेचार महिन्यांचा आहे. कॉलेज रोडवरून त्याच्यासाठी बाराशे रुपयांची खेळणी आणली, तर तो ती हुंगतही नाही. सोफ्याचा कोपरा, मुलीचे शाळेचे बूट आणि परवा सासूबाईंची जपमाळ मात्र फस्त केली. एखादी जुनी चप्पल देऊन टाकावी का? की मटणाचं हाड द्यावं? (एक वाचक, इंदिरानगर)

आधी जपमाळ. मणी मोजलेत का? १०८ पैकी किती सापडले, हे सासूबाईंकडूनच मोजून घ्या, त्यांच्याइतकं अचूक कुणी मोजणार नाही. पण मण्यांपेक्षा मला काळजी आहे ती दोऱ्याची. लांब दोरा पोटात गेला की त्याचं एक टोक कुठेतरी अडकतं आणि आतडं त्याच्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होत जातं, परकराच्या नाडीवर कापड गोळा होतं तसं. मग दोरा आतून कापू लागतो. दोरा सापडला नसेल आणि ब्रुनोला उलट्या होत असतील, जेवण सोडलं असेल किंवा तो पोटाला हात लावू देत नसेल, तर हे उत्तर पूर्ण वाचत बसू नका, डॉक्टर गाठा. आणि दोऱ्याचं टोक तोंडातून किंवा शीच्या जागेतून लोंबताना दिसलं तरी ओढायचं नाही.

आता खेळणी. ब्रुनो वांड नाही, त्याचे दात पडताहेत. पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, म्हणून तो चावायला काहीतरी शोधतो. सोफ्याचा कोपरा त्याला का आवडला, याचा जरा विचार करा. तो दाबला की दबतो, पण तुटत नाही आणि त्याला घरच्या माणसांचा वास आहे. तुम्ही आणलेली खेळणी बहुधा कडक प्लॅस्टिकची, चकचकीत आणि कारखान्याच्या वासाची असणार. शिवाय लाल असतील तर ती तुमच्यासाठी लाल. कुत्र्याला निळा आणि पिवळा नीट दिसतो, लाल आणि हिरवा त्याला सारखाच मळकट. हिरवळीवर टाकलेला लाल चेंडू तो डोळ्यांनी नाही, नाकानं शोधत असतो.

जुनी चप्पल अजिबात नको. जुनी आणि नवी हा भेद आपल्या मनात. त्याला दोन्हींना तुमच्याच पायाचा वास येतो. उद्या पाहुण्यांची कोल्हापुरी गेली, तर त्याला बोलायला तोंड उरणार नाही.

हाडाबद्दल मी आधी माझीच चूक सांगते. प्रॅक्टिसच्या सुरुवातीची काही वर्षं मी सगळ्यांना सांगायची, शिजवलेलं हाड देऊ नका, ते फुटून टोकदार होतं, पण मोठं कच्चं हाड खुशाल द्या. माझ्या बटरलाही देत होते. बटर म्हणजे गोदाघाटावर सापडलेली आमची गावठी कुत्री. एक दिवस ती एकाच बाजूनं जेवू लागली. तोंड उघडून पाहिलं तर वरच्या जबड्यातली मोठी दाढ उभी चिरलेली, चकती निघाल्यासारखी. कुत्री कडक वस्तू फोडतात ती याच दाढेनं, आणि कडक वस्तूनं हीच दाढ फुटते. भूल देऊन काढावी लागली. त्या दिवसापासून हाड, शिंग, खूर, दगडासारखं कडक नायलॉन, सगळं बंद.

म्हणून दुकानात दोन परीक्षा करा. नख रोवून पाहा, थोडंसं तरी रुतलं पाहिजे. मग तेच खेळणं आपल्या गुडघ्याच्या वाटीवर हलकंच आपटा. आई गं म्हणायची वेळ आली तर ते तिथेच ठेवा. दुकानदार बघत राहील, बघू दे. पिल्लांसाठी वेगळं मऊ रबर मिळतं. मोठ्या कुत्र्याचं खेळणं ‘वाढेल त्याच्यात’ म्हणून आत्ताच आणू नका, ती युक्ती शाळेच्या गणवेशापुरती ठीक.

बाराशेतले तीन-चारशे एकाच वस्तूवर घालायचे असते, तर मी आतून पोकळ, जाड रबराचं खेळणं सांगितलं असतं. त्यातल्या प्रसिद्ध ‘काँग’ची कथा मला आवडते. सत्तरच्या दशकात अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये जो मार्कहॅम नावाच्या गृहस्थाचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवत होता. गाडी दुरुस्त करताना मालकानं सस्पेन्शनचा एक रबरी तुकडा बाजूला टाकला, तो कुत्र्यानं उचलला आणि सोडेचना. खेळण्याचा आकार त्यावरून आला. थोडक्यात, निवड कुत्र्यानं केली, माणसानं फक्त पाहिलं.

या पोकळीत बिनमिठाचा दहीभात, उकडलेला लाल भोपळा किंवा गाजर कुस्करून भरा आणि तासभर फ्रीझरमध्ये ठेवा. नाशिकच्या मे महिन्यात दुपारी चार वाजता हे हातात आलं की ब्रुनो अर्धा तास गप्प. गार लागल्यानं हिरड्याही शांत होतात. पार दगड होईपर्यंत मात्र गोठवू नका, आणि जेवढं आत भरलं तेवढं संध्याकाळच्या जेवणातून वजा करा. लॅब्रॅडॉर आहे तो, तुम्ही विसरलात तरी त्याचं पोट धरून ठेवेल. पीनट बटर भरायचं असेल तर डब्यावर झायलिटॉल लिहिलेलं नाही ना, ते आधी वाचा. साखरेऐवजी घालतात ती ही गोडी कुत्र्याला विषासारखी आहे.

आणि आपल्या जिल्ह्यात राहून हे सांगायलाच हवं. मनुका, बेदाणे, द्राक्षं आत घालायची नाहीत, एकही नाही. कुत्र्याचं मूत्रपिंड त्यानं निकामी होऊ शकतं. बरीच वर्षं कारण उमगत नव्हतं, २०२१ पासून संशयाची सुई टार्टरिक आम्लाकडे वळली आहे. चिंचेतही तेच असतं.

प्रश्न : आमची वस्ती निफाड तालुक्यात आहे. कांदा चाळीत भरायचं काम चालू आहे. टायगर (गावठी, वजन अंदाजे वीस किलो) ढिगातला कांदा पळवतो, अंगणभर लोळवतो, वर उडवून झेलतो. मुलांना गंमत वाटते, तीही कांदे फेकतात. दुकानातल्या चेंडूला तो विचारत नाही. कांद्यानं कुत्र्याला काही होतं का? (एक शेतकरी)

होतं. दादा, मुलांना आजच थांबवा.

कांद्यातल्या द्रव्यांनी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कच्चा, शिजलेला, वाळवून पूड केलेला, सगळा सारखाच, लसूणही त्यातलाच. वजनाच्या दर किलोला १५ ग्रॅमपासून त्रास दिसू लागतो. टायगरच्या वजनाला ते ३०० ग्रॅम झाले, म्हणजे मध्यम आकाराचे तीन कांदे. नुसतं लोळवण्यानं इतकं पोटात जात नाही, पण झेलता झेलता फुटलेला कांदा चघळला जातो. शिवाय थोडं थोडं रोज खाल्लं तरी ते साचत जातं. त्रास त्याच दिवशी दिसत नाही, हीच मेख आहे. दोन-चार दिवसांनी कुत्रं मलूल होतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी तांबूस किंवा चहासारखी होते. टायगरचा ओठ उचलून हिरड्या कशा दिसतात ते आजच बघून ठेवा, म्हणजे बिघडल्या तर ओळखू येतील.

आता त्याला कांदाच का हवा? कारण तो घरंगळतो, वेडावाकडा उसळतो, दाताखाली करकर वाजतो आणि त्याच्यामागे पोरं ओरडतात. दुकानातला चेंडू बहुधा हलका, सरळ जाणारा आणि एकट्याचाच. तेव्हा गोल गोल नको, ओबडधोबड रबरी चेंडू घ्या, जो कुठे उसळेल ते सांगता येत नाही. आणि तो त्याच पोरांनी त्याच अंगणात फेकायचा.

दुसरं, तुमच्याकडे द्राक्षाचे पुठ्ठ्याचे रिकामे खोके असणारच. पिना आणि चिकटपट्टी काढून टाका, आत एकही मणी किंवा काडी राहिलेली नाही ना बघा आणि निर्यातीच्या पेटीत गंधकवायू सोडणारा जो कागदी पॅड घालतात, तो नक्की काढा. मग भाकरीचे तुकडे चुरगळलेल्या कागदांत गुंडाळून खोक्यात भरा आणि झाकण मिटून टायगरपुढे ठेवा. तो फाडेल, हुंगेल, शोधेल. फुकटचं खेळणं आहे आणि रोज नवं मिळतं. पुठ्ठा फाडून टाकणारं कुत्रं असेल तर ठीक, गिळणारं असेल तर हा खेळ त्याच्यासाठी नाही. पहिल्या दिवशी शेजारी बसून बघा, लगेच कळेल.

जुना टायर देऊ का, असं तुमच्याकडचे बरेच जण विचारतात. नको, त्यात लोखंडी तारा असतात.

प्रश्न : आमच्या पग कुत्र्याला दादाचा टेनिस बॉल आणि दोरीचं खेळणं फार आवडतं. दोरीचे धागे निघायला लागलेत. कुत्र्यांची खेळणी घेताना आयएसआय मार्क बघावा का? (सिडको)

दोरी आजच कचऱ्यात टाका. का, ते वर जपमाळेत आलंच आहे. नवी घेतलीत तर ती ओढाओढीपुरती वापरा, खेळ झाला की कपाटात.

चेंडूचं माप एकच. तो सुळ्यांच्या मागे जाता कामा नये, नाहीतर घशात बसतो. पगचं तोंड चपटं असल्यानं टेनिस बॉल सहसा आत जात नाही. पण त्याच्यावरची लव घासून दात झिजतात, म्हणून रोजच्या चघळण्याला तो नको. पगला धावपळीत श्वास पुरत नाही, तेव्हा सकाळी लवकर पाच-सात मिनिटं फेकाफेकी पुष्कळ झाली. एकच भोक असलेला पोकळ चेंडू मात्र कुठल्याच कुत्र्याला देऊ नका. चाटताना आत निर्वात पोकळी तयार होते आणि जीभ ओढली जाऊन अडकते. भोकं दोन हवीत.

आयएसआयची सक्ती १ जानेवारी २०२१ पासून आहे, पण ती चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना. कुत्र्यांच्या खेळण्यांना ती लागू नाही. म्हणून नख आणि गुडघा.

प्रश्न : प्रेसमधून निवृत्त होऊन मला अकरा वर्षं झाली, राणी त्यानंतर घरात आली. स्पिट्झ आहे. आता तिला दिसत नाही, ऐकूही कमी येतं. दिवसभर पडून असते. सून म्हणते, आता तिला खेळणी कशाला? (नाशिकरोड)

काका, सूनबाईंना सांगा, राणीचं नाक अजून रिटायर झालेलं नाही.

घरातलं इडलीपात्र काढा. एका ताटलीच्या खळग्यांपैकी तीन-चारांत उकडलेल्या अंड्याचा किंवा पोळीचा बारीक तुकडा ठेवा, बाकीचे रिकामे, आणि सगळ्यांवर लहान वाट्या पालथ्या घाला. राणीनं हुंगून वाटी सरकवायची आणि तुकडा काढायचा. वाट्यांचा खणखणाट होईल, पण तिला कमी ऐकू येतं ते इथे कामाला आलं. ताट घसरू नये म्हणून खाली जुनी सतरंजी घाला आणि खेळ रोज त्याच जागी ठेवा, अंधाऱ्या डोळ्यांना ओळखीची जागा लागते. आठवडाभरानं टॉवेल: तुकडे ठेवून सैल गुंडाळी करायची आणि तिनं नाकानं उलगडायची. चावायचं काही देऊ नका. या वयात लहान जातींचे दात बहुधा हललेले असतात.

मात्र ती पडून असते ती कंटाळ्यानं की दुखतंय म्हणून, हे एकदा तपासून घ्या. तोंड आणि मागचे सांधे, दोन्ही. दात दुखणारी कुत्री मी जेवणावरून उठताना पाहिली आहेत. घरच्यांना वाटतं, म्हातारी झाली.

प्रश्न : डॉक्टरताई, मी सहावीत आहे. बाबांनी लेझरचा दिवा आणलाय. आमचा चिकू त्याच्या ठिपक्यामागे भिंतीवर उड्या मारतो. खूप मज्जा येते. चालेल ना? (पंचवटी)

नाही चालणार. तुला मज्जा येते, चिकूला नाही. तो ठिपका त्याला कधीच पकडता येत नाही ना! दिवसभर लपाछपी खेळलीस आणि एकही गडी सापडला नाही, तर तू रडकुंडीला येशीलच. काही कुत्री पुढे पुढे सावलीमागे, भांड्यावरून पडणाऱ्या कवडशामागे वेड्यासारखी धावत सुटतात आणि ती सवय सुटता सुटत नाही. शिवाय तो प्रकाश डोळ्यांत गेला तर वाईट.

त्याऐवजी बाबांना एक लांब काठी आणायला सांग. तिला दोरी बांध आणि दोरीच्या टोकाला जाड चिंधीची गच्च गाठ. ती जमिनीलगत सरपटत ने, उंच उडवू नकोस, चिकूचे गुडघे दुखतील. दर तीन-चार फेऱ्यांनी त्याला ती पकडू दे. पकडली की हिसकावून घ्यायची नाही, पोळीचा तुकडा दाखवायचा, तो आपणहून सोडतो. ऊन उतरल्यावर खेळायचं, फरशीवर नाही, अंगणात. आणि खेळ संपला की काठी कपाटावर, दोरीसकट. मला त्या बरणीत आता जागा नाही.